ओळखीचं नेटवर्क

आम्रपालीनं लॅपटॉप उघडला, चार्जरची पिन टेबलाखालच्या सॉकेटमध्ये खुपसली आणि वायफायचा पासवर्ड विचारायला ती काउंटरकडे वळली, तोच तिच्या पर्समध्ये पप्पांचा फोन वाजायला लागला. कॉल नव्हता. टिंग, टिंग, टिंग, एकामागून एक मेसेज येऊन पडत होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं कानातला इअरफोन काढून तिच्याकडे बघितलं.

तिनं फोन बाहेर काढला. 'मेंटेनन्स मित्रमंडळ' नावाच्या ग्रुपवर कुणीतरी कुणाच्या तरी निवृत्तीचे फोटो टाकले होते. पप्पांच्या नंबरला नेटचा पॅक नव्हता. नंबर बंद पडायला नको म्हणून आई नुसतं इनकमिंग चालू राहील एवढं रिचार्ज मारायची आणि रोज सकाळी तो फोन आम्रपालीच्या पर्समध्ये टाकायची. "तुझा बंद पडला तर? असू दे जवळ." घराबाहेर पडलं की हा फोन मुका व्हायचा. आज तो रावेतच्या या कॅफेत बोलत होता आणि आम्रपाली इथे आयुष्यात पहिल्यांदा आली होती.

स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात वायफायची खूण होती. नाव होतं, हिलटॉप ब्रू.

"तुमच्या वायफायला पासवर्ड नाहीये का?" तिनं काउंटरवरच्या बाईंना विचारलं.

"आहे ना, मॅडम. बिलाच्या खाली छापून येतो. आधी ऑर्डर द्या."

तिनं कॉफी मागवली. बिल आलं, तळाशी पासवर्ड होता, तो तिनं लॅपटॉपवर टाकला. पप्पांचा फोन मात्र तिनं टिश्यू पेपरखाली पालथा घालून ठेवला. फोनसुद्धा कधी कधी भलतंच करतात, असं तिनं स्वतःला सांगून बघितलं. पप्पांना जाऊन सहा महिने झाले होते. आणि ते असतानाही, पप्पा आणि कॅफे? पप्पा चहा प्यायचे, तोही टपरीवर आणि उभ्या उभ्या.

कॅफे शोधत फिरायची हौस तिला नव्हती. चिखलीतल्या घरी चांगलं नेट होतं, टेबल होतं, आईच्या हातचा चहा होता. पण दुपारी दीड वाजला की बाहेरच्या खोलीतून खट् असा आवाज यायचा. मेन स्विच खाली ओढल्याचा. पंखा फिरतच राहायचा, राउटरचे हिरवे दिवे हलायचे नाहीत, समोरची माणसं स्क्रीनवर दिसत असायची. बंद पडायची ती आम्रपाली. वाक्याच्या मधेच तिची जीभ टाळूला चिकटायची आणि ती नुसती दाराकडे बघत बसायची.

"आई, आत्ता काही वाजलं का गं?" तिनं दोन-तीनदा विचारलं होतं.

"न्हाई बाई. काय वाजलं?"

बंगळुरूच्या एका छोट्या कंपनीत तिला नोकरी लागून चार महिने झाले होते. गोदामांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर घरबसल्या ग्राहकांना चालवून दाखवायचं काम. दोन डेमो तिनं असेच मधे गप्प होऊन घालवले आणि दोन्ही वेळा खापर नेटवर फोडलं. तिच्या वरच्या मिनल मॅडम भल्या होत्या, पण भलेपणालाही मर्यादा असते. "आम्रपाली, नेटची सोय कर कुठेतरी," त्या म्हणाल्या होत्या. "तिसऱ्यांदा झालं तर मला तुझं नाव पर्मनंटच्या यादीत टाकता येणार नाही." मग तिनं सकाळी अकराला बाहेर पडायचं आणि संध्याकाळी परत यायचं सुरू केलं. नेटचं निमित्त होतंच. तिला दीड वाजता घरात राहायचं नव्हतं.

तिचे वडील बुद्धभूषण ओव्हाळ निघोज्याच्या एका कंपनीत एकतीस वर्षं मेंटेनन्सला होते. बंद पडलेलं मशीन चालू करून द्यायचं, हा त्यांचा धंदा. मशीनमध्ये हात घालायच्या आधी त्याचा मेन बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि वर आपला लाल टॅग लटकवायचा. टॅगवर फोटो, नाव, टोकन नंबर. आत माणूस काम करतोय आणि बाहेरून कुणी स्विच टाकला तर हात जातो, म्हणून हा बंदोबस्त. हे सगळं त्यांनी आम्रपालीला ती तिसरी-चौथीत असताना जेवताना समजावलं होतं, भाकरीचं मशीन आणि वाटीचं कुलूप करून.

"आणि तो माणूस टॅग काढायला विसरून घरी गेला तर?" तिनं विचारलं होतं.

"तर त्याला घरनं बोलवून आणत्यात. ज्याचा टॅग त्यानंच काढायचा. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई, मग मॅनेजर का असंना."

"आणि तो आलाच नाही तर?"

"येतो," पप्पा म्हणाले होते. "टॅग लावलेला माणूस येतोच."

कंपनीतली सवय घरातही आली होती. शेवटच्या माणसानं बाहेर पडताना मेन खाली ओढायचा. नातेवाइकांत यावरून थट्टा व्हायची, की ओव्हाळांच्या घरी पाहुणा शेवटी निघाला तर त्यालाही मेन बंद करून जावं लागतं. गेल्या जूनमध्ये एका दुपारी आई बहिणीकडे गेली होती. आम्रपालीच्या खोलीचं दार बंद होतं, आत ती हेडफोन लावून एका मोठ्या कंपनीच्या शेवटच्या मुलाखतीला बसली होती. पप्पांची दुसरी पाळी होती. पोरगी बाहेर गेली असावी असं त्यांना वाटलं. दीड वाजता त्यांनी डबा उचलला, मेन खाली ओढला आणि ते बसच्या स्टॉपकडे चालायला लागले.

स्क्रीनवरचे तिन्ही चेहरे गोठले. राउटर पुन्हा चालू होऊन ती परत जोडली जाईपर्यंत तिकडचे लोक उठून गेले होते. कळवतो म्हणाले, ते अजून कळवतायत.

आम्रपाली पायांत चप्पलही न घालता गल्लीच्या टोकापर्यंत पळत गेली होती. स्टॉपवर कंपनीची आठ-दहा माणसं बसची वाट बघत उभी होती. त्या सगळ्यांदेखत ती म्हणाली,

"तुमचा हात लागला ना पप्पा, की सगळं बंदच पडतं."

पप्पांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. बस आली आणि ते चढले.

त्या दिवसापासून घरातल्या एकाही स्विचला त्यांनी हात लावला नाही. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत अंधारून आलं तरी खुर्चीत तसेच बसून राहायचे आणि आई आली की म्हणायचे, "प्रभा, जरा लाईट लावती का?" पंख्यासाठी तेच, गिझरसाठी तेच. आईला वाटलं, वय झालं, आळस आला. आम्रपालीला कळत होतं. जेवण वाढलंय, डबा भरलाय, एवढंच ती त्यांच्याशी बोलायची आणि रोज ठरवायची की आज बोलू, आपलं चुकलं म्हणू. आज नाही तर उद्या. तीन महिने असे गेले. सप्टेंबरात पप्पांची पहिली पाळी असताना त्याच स्टॉपवर बसची वाट बघत ते कट्ट्यावर टेकले ते उठलेच नाहीत. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माणसांनी त्यांच्याबद्दल खूप चांगलं सांगितलं. आम्रपालीला बोलायला उभं केलं तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. लोकांना वाटलं, दुःखानं.

रावेतनंतर चार दिवसांनी चिंचवडला तेच झालं.

थिएटरच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर हा कॅफे होता. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचली आणि पर्स वाजायला लागली. ती आत जाऊन बसली, फोन टेबलावर ठेवला आणि तो गप्प होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. वाढपी पाणी घेऊन आला. पन्नाशीचा माणूस होता, छातीवर नावाची पट्टी, खंडू.

तिनं पप्पांच्या फोनवरचाच त्यांचा फोटो काढून त्याच्यापुढे धरला. "हे कधी इथे आले होते का हो?"

खंडूनं चष्मा वर सरकवून बघितलं. "आले व्हते की. पावसाळ्यात. निळा कंपनीचा शर्ट. मी म्हटलं वायरमन आलाय." तो हसला. "मेनू लई वेळ वाचला त्यांनी. मग म्हणाले, चहा हाय का? म्हटलं, हाय, पण त्याला इथं दुसरंच नाव हाय. दोन तास बसले. सगळे प्लग मोजले, प्रत्येकाला हात लावून बघितलं कुठला ढिला हाय. मला म्हणले, इथं दुपारी बाईमाणूस एकटं बसलं तर कुणी त्रास देत न्हाई ना?"

"आणखी काय म्हणाले?"

"वरती जनरेटर हाय का, ते विचारलं. न्हाई म्हटल्यावर वहीत फुली मारली बघा." खंडूनं ग्लास पुसून ठेवला. "तुमचे कोण?"

"पप्पा," ती म्हणाली.

त्या दिवशी तिच्याकडून काम झालं नाही. तिनं पप्पांच्या फोनमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन पूर्वी कधीतरी जोडलेल्या आणि म्हणून फोन आपोआप पकडतो अशा नेटवर्कांची यादी उघडली. पहिलं नाव घरचं. त्याच्याखाली सहा नावं होती. रावेत, चिंचवड, मोशीतलं एक, निगडीतलं एक, आकुर्डी स्टेशनजवळचं एक. ही पाचही कॅफेंची, सहावं तिला कळलं नाही. पप्पांना गुरुवारी सुट्टी असायची. गुरुवारी दुपारी ते त्यांच्या दोस्ताकडे, ज्ञानदेवकाकांकडे जातो म्हणून निघायचे, आणि आईला वाटायचं, पत्ते खेळत असतील.

आम्रपालीनं एकेक करून ती ठिकाणं गाठली. मोशीत फोन वाजला. निगडीत वाजला. आकुर्डीत कॅफे जाऊन तिथे चपलांचं दुकान आलं होतं, फोन गप्पच राहिला. तिथे फुटपाथवर ती उगीचच पाच मिनिटं उभी राहिली. हल्ली कॅफेत शिरण्याआधी ती दारात थांबायची, फोन हातात घेऊन, आणि तो वाजला की तिला बरंही वाटायचं आणि रडूही यायचं. आपल्या आधी पप्पा इथे येऊन खुर्ची हलवून बघून गेलेत, हे कळून बरं वाटायचं. आपण एक शब्द बोललो असतो तर त्यांनी वहीच पुढे ठेवली असती, हे कळून रडू यायचं. वही घरात कुठेच सापडली नाही.

यादीतलं सहावं नाव 'ताज टी, वरचा मजला' असं होतं. तिनं आईला विचारलं.

"ताजुन्निसाचं हॉटेल ते," आई म्हणाली. "तिकडं पलीकडं, पत्र्याच्या शेडच्या गल्लीत. गॅरेजवाली असत्यात तिथं चहाला. तुला काय करायचंय?"

घरापासून पंधरा मिनिटांचा रस्ता. पण आम्रपाली तिकडे गेली नाही. एक नाव उरलं होतं आणि ते संपलं की पप्पा आणखी कुठेही वाजणार नव्हते.

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी दुपारी दोन वाजता मोठा डेमो होता. दुबईच्या एका गोदामवाल्यांना सगळं सॉफ्टवेअर चालवून दाखवायचं होतं आणि मिनल मॅडम स्वतः ऐकायला बसणार होत्या. "आजचं नीट कर, मग पत्र काढते," त्यांनी सकाळीच सांगितलं. गुरुवार म्हणजे विजेच्या दुरुस्तीचा दिवस, लाईट कधी जाईल आणि कधी येईल ते महावितरणलाच ठाऊक. म्हणून तिनं जनरेटरवाला रावेतचा कॅफे धरून ठेवला होता. पाऊण वाजता ती स्कूटरवरून तिथे पोचली, तर दारात फुगे लावलेले.

"सॉरी मॅडम, आज वाढदिवसाची पार्टी आहे. पूर्ण बुक आहे."

चिंचवडला जनरेटर नव्हता. मोशी आणि निगडीतही नव्हता. घरी जावं, तर पोचेपर्यंत दीड वाजणार. ती स्कूटरवर बसली आणि तिनं काही ठरवायच्या आत स्कूटर चिखलीच्या रस्त्याला लागली होती.

शेडच्या गल्लीत सुट्टी असूनही दोन लेथ चालू होते. ताज टीच्या लाकडी जिन्यावर तिनं पाय ठेवला आणि पर्स वाजली. तिनं या वेळी फोन बाहेर काढला नाही. दोनला वीस कमी होते.

वरच्या मजल्यावर पाच टेबलं होती. दोन मुलं पुस्तकं पसरून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती, बाकी रिकामं. तिनं भिंतीकडे पाठ येईल अशी जागा धरली, म्हणजे कॉलमध्ये मागे कुणी दिसायला नको. सॉकेट घट्ट होतं. खालून चहा आला, तो तिनं बाजूला सारला आणि दोन वाजता हसऱ्या चेहऱ्यानं कॅमेरा चालू केला.

पहिली दहा मिनिटं ठीक गेली. आवक दाखवून झाली, साठा दाखवून झाला. ती जावक उघडणार, तेवढ्यात खट् झालं.

पंखा गरगरत मंदावला. खालचे दोन्ही लेथ एकदम थांबले आणि गल्लीत एवढी शांतता पसरली की कुणीतरी टाकलेल्या पान्याचा आवाज वरपर्यंत आला. अभ्यास करणारा मुलगा म्हणाला, "गेली."

आम्रपालीचे हात की-बोर्डवर तसेच राहिले. संपलं, तिला वाटलं. जीभ टाळूला चिकटली. आपण पप्पांना जे म्हणालो ते इथपर्यंत आपल्या मागोमाग चालत आलं आणि आता ते आपलाही घास घेणार, असं तिला स्वच्छ वाटलं. तिनं डोळे मिटून घेतले.

"आम्रपाली?" कानात मिनल मॅडमचा आवाज आला. "वी आर वेटिंग. पुढची स्क्रीन?"

आवाज खणखणीत होता. तिनं डोळे उघडले. दुबईचे तिन्ही चेहरे हलत होते, त्यातला एक पाणी पीत होता. काहीच तुटलं नव्हतं.

"येस, मॅडम," ती म्हणाली. "आता जावक बघू या."

पंचावन्न मिनिटं ती बोलली. शेवटी दुबईवाल्यांनी दोन प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. मिनल मॅडम मागे थांबल्या. "बघ, नेट चांगलं असलं की कशी बोलतेस," त्या म्हणाल्या. "पत्र सोमवारी मेल करते." स्क्रीन काळी झाली. खाली अजून लाईट नव्हती.

आम्रपालीनं हेडफोन काढला आणि नेट कुठून येतंय ते बघायला मागे वळली.

तिच्या डोक्याच्या मागेच, भिंतीवर एका लाकडी पाटावर राउटर होता. चारही दिवे हिरवे. त्याची वायर खाली एका छोट्या स्विचबोर्डात गेली होती आणि बोर्डाच्या बटणाला केबल बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं एक लाल टॅग बांधला होता. भिंतीला नवा पिस्ता रंग दिलेला होता, पण टॅगच्या मागे तेवढा चौकोन जुन्या निळ्या रंगाचा राहिला होता. रंगवाल्यानंही त्याला हात लावला नव्हता.

टॅगवर पप्पांचा फोटो होता. बुद्धभूषण ओव्हाळ, मेंटेनन्स, टोकन नंबर. वर छापलेलं होतं, 'धोका. माणूस काम करत आहे. स्विच चालू करू नये.' त्यातला 'माणूस' बॉलपेननं खोडून वर 'मुलगी' लिहिलं होतं आणि 'चालू' खोडून 'बंद' लिहिलं होतं. अक्षर शाळेतल्यासारखं गोल. मुलगी काम करत आहे. स्विच बंद करू नये. तारीख ऑगस्टची होती. अगदी खाली 'काम पूर्ण झाल्याची वेळ व सही' अशी ओळ छापलेली होती, ती रिकामी होती.

"त्याला हात नको लावू हां, बेटा." जिन्यातून ताजुन्निसा वर आल्या होत्या, साठीच्या, ठेंगण्या, पदर डोक्यावरून घेतलेल्या. मागे त्यांची सून महेक ट्रे घेऊन. "ज्यानं लावला त्यानंच काढायचा असतो. कंपनीचा नियम आहे तो."

"हे माझे पप्पा आहेत," आम्रपाली म्हणाली.

"अगं बाई! तू आम्रपाली काय?" ताजुन्निसांनी समोरची खुर्ची ओढली आणि त्या बसल्याच. "महेक, बघ, ओव्हाळ भाऊंची मुलगी. अगं, काय माणूस आहे तुझा बाप! चार गुरुवार आले. आपला फोन साखरेच्या बरणीला टेकवून उभा करायचे आणि व्हिडिओ कॉल लावून कुणा ज्ञानदेवला तासभर बघत बसायचे. बोल की रे कायतरी, तुटतं का बघायचंय, म्हणायचे. तो बिचारा तिकडून पाढे म्हणायचा."

महेक हसली. आम्रपालीलाही हसू आलं आणि ते मधेच अडकलं.

"आमचा इन्व्हर्टर साल झालं बंद पडलेला," ताजुन्निसा सांगत होत्या. "दोन मेकॅनिक आणले, सगळ्यांनी सांगितलं, भंगारात घाला. तुझ्या वडिलांनी हात लावला आणि चालू झाला. मग हा नेटचा डबा त्याच्यावर जोडून दिला. म्हणाले, गल्लीची लाईट गेली तरी हा जाणार न्हाई. पैसे विचारले तर म्हणाले, माझी मुलगी इथं कामाला बसंल, तिला कुणी उठवू नका, एवढंच." त्यांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. "मी म्हटलं, घेऊन या ना तिला. तर म्हणाले, ती सध्या माझ्याशी बोलत न्हाई. बोलायला लागली की घेऊन येतो."

आम्रपालीनं मागे वळून पुन्हा टॅगवरची तारीख बघितली.

"म्हणजे बोललीस शेवटी," ताजुन्निसा समाधानानं म्हणाल्या. "बरं केलंस. बापाशी काय धरून बसायचं! कुठायत ते? खाली गाडी लावतायत का?"

"नाही," आम्रपाली म्हणाली. "नाही बोलले मी. ते सप्टेंबरात गेले."

ताजुन्निसांचा हात तोंडाशी गेला. मग त्या पुटपुटत काहीतरी म्हणाल्या आणि आम्रपालीच्या मनगटावर त्यांनी हात ठेवला. अभ्यासाची मुलं वह्या गोळा करून खाली निघून गेली.

महेकनं हळूच विषय काढला. शनिवारी नवीन कनेक्शनवाले येणार होते, हा डबा काढून दुसरा बसवणार होते. महिनाभर तिनं त्यांना थोपवून धरलं होतं, कारण टॅग होता आणि अम्मी कुणाला हात लावू देत नव्हत्या. भाऊ येऊन काढतील, असंच त्या म्हणत होत्या. "आता तुम्हीच आलात तर..." तिनं कानावरचं पेन काढून आम्रपालीपुढे धरलं. "इथे खाली सही आहे ना. तुम्ही केली तर चालेल. मग आम्ही काढू."

आम्रपालीनं पेन घेतलं. ती उभी राहिली आणि टॅग तिनं तळहातावर घेतला. पप्पांचा फोटो बऱ्याच वर्षांपूर्वीचा होता, मिशी काळी होती. 'काम पूर्ण झाल्याची वेळ' या शब्दांवर तिनं पेनाचं टोक टेकवलं आणि ते तसंच धरून ठेवलं.

मग तिनं टोपण लावलं आणि पेन परत दिलं.

"नवा डबा आला की हाच टॅग त्याला बांधा," ती म्हणाली. "मला उद्या यायचंय. रोजच यायचंय."

ताजुन्निसांनी तिच्याकडे नीट बघितलं. महेक काहीतरी विचारणार होती, पण सासूनं तिच्या कोपराला हात लावला आणि दोघी जिना उतरून खाली गेल्या. जाताना ताजुन्निसांनी जिन्याचं दार ओढून घेतलं.

लाईट अजून आली नव्हती. गल्लीत सामसूम होती आणि वरच्या मजल्यावर ते चार दिवे तेवढे चालू होते. आम्रपालीनं खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. पर्समधून पप्पांचा फोन काढला, टेबलावरची साखरेची बरणी राउटरच्या पाटावर ठेवली आणि फोन तिला टेकवून उभा केला. पदरानं पुसावा तसा ओढणीनं तिनं टॅगवरचा फोटो पुसला आणि ती बसली.

"पप्पा," ती म्हणाली, आणि बोलायला लागली.